गच्चीवरची भाजी आणि माझा शिवशिवता हात: १६८ दिवसांच्या नोंदी

गच्चीवर भाजी करायला घेतली तेव्हाच ठरवलं होतं, की रोजच्या रोज वहीत लिहायचं आणि जे फसलं ते आधी लिहायचं. त्या वहीतल्याच या नोंदी, थोड्या नीट करून. खर्च पैशांत मांडलेला नाही, कारण भाव जागेगणिक बदलतात. पोती, रोपं आणि वाया गेलेले तास यांत मांडलाय.

दिवस १

कुंड्या कुठे ठेवायच्या एवढंच काम होतं, त्यात अख्खा दिवस गेला. गच्ची म्हणजे ऊनच ऊन अशी माझी समजूत. दर तासाला खडूने सावलीची कड आखत गेले, तेव्हा कळलं की दुपारनंतर पाण्याच्या टाकीची सावली अर्धी जागा खाते. टाकीपाशी जेमतेम ४ तास ऊन, दुसऱ्या टोकाला ७. फळभाज्यांना निदान ६ तास ऊन हवं, म्हणून टोमॅटो, मिरची, दुधी, लिंबू आणि स्ट्रॉबेरी तिकडे. पालक आणि कोथिंबीर टाकीपाशी, त्यांचं तेवढ्यावर भागतं.

मग वजन. ओल्या मातीने भरलेली २० लिटरची कुंडी २५ किलोच्या आसपास जाते. अशा १०, शिवाय ५० लिटरच्या २ आणि ३ लांबट कुंड्या. सगळं मिळून साडेचारशे किलोच्या घरात. गच्चीच्या मधोमध काही ठेवलं नाही. सगळं कडेने, जिथे खाली भिंत आहे तिथे. प्रत्येक कुंडीखाली विटेचे तीन तुकडे, म्हणजे भोकं मोकळी राहतात आणि खालचा स्लॅब वाळतो.

दिवस ३

मिश्रण: एक भाग माती, एक भाग कुजलेलं खत, एक भाग कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. कोकोपीटच्या ५ किलोच्या २ विटा भिजवल्या आणि तीन पाण्यांनी धुतल्या. पहिलं पाणी गडद तांबूस निघालं. त्यात क्षार असतात, न धुता वापरलं तर रोपांच्या पानांची टोकं करपतात. हे एक काम मी पहिल्याच फटक्यात बरोबर केलं, म्हणून मुद्दाम लिहून ठेवते.

घरचं खत कमी पडलं. ढिगाच्या तळाचं काळं, भुसभुशीत संपलं, तेव्हा वरचं अर्धवट कुजलेलं उचललं. हाताला कोमट लागत होतं. भाजीची देठं ओळखू येत होती. ‘कुंडीत कुजेल की’ असं म्हणून मिरचीच्या ४ कुंड्या आणि २ लांबट कुंड्या त्यानेच भरल्या. या वाक्याची किंमत दिवस २३ ला कळेल.

दिवस ५

४८ खणांचा ट्रे. २४ खणांत टोमॅटो, २४ त मिरची. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल. पालक आणि कोथिंबीर थेट लांबट कुंड्यांत. ट्रेवर प्लास्टिकचं झाकण. सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी.

दिवस ८

लिंबाचं कलम आणलं. बियांपासून लावलं तर फळाला बरीच वर्षं थांबावं लागतं, कलमाला तुलनेने कमी. गुडघ्याएवढं, १४ पानांचं. ५० लिटरच्या कुंडीत बसवलं आणि जोड, म्हणजे कलम जिथे बांधलेलं असतं ती जागा, मातीच्या वर राहील एवढं पाहिलं. त्यानंतर त्या जोडाकडे पुन्हा पाहिलं नाही. तेही पुढे येईलच.

दिवस ११

टोमॅटोची २४ पैकी २२ बियाणी उगवली. मिरची शून्य. राहवेना, म्हणून तीन खण काडीने उकरून पाहिले. तिन्ही बियांना पांढरी मुळी फुटलेली होती आणि तिन्ही मुळ्या माझ्या काडीने मोडल्या. मिरची सावकाश उगवते, दोन आठवडे सहज घेते, हे पाकिटावर छापलेलं होतं.

दिवस १५

सकाळी ट्रे उघडला तर टोमॅटोची रोपं आडवी. पानं हिरवी, पण मातीलगत देठ दोऱ्यासारखा बारीक आणि पाणचट. संध्याकाळपर्यंत २२ पैकी १७ गेली.

रोपं कोलमडण्याचा हा रोग बुरशीचा, आणि बुरशीला जे जे हवं ते सगळं मी पुरवलं होतं: दिवसातून दोनदा पाणी, उगवण झाल्यावरही झाकण, आणि वारा नाही. आईने लहानपणी वाफे केलेत. ती ट्रेत बोट घालून म्हणाली, “अगं, हा चिखल आहे. रोपाला पाणी नाही, वाफसा लागतो.” वाफसा म्हणजे माती ओली असते, पण बोटाला चिकटत नाही आणि मुठीत दाबली तर पाणी गळत नाही. हा शब्द मला माहीत होता. बोटाला माहीत नव्हता.

दिवस १७

टोमॅटोची दुसरी पेरणी, १२ खण. ट्रे साबणाने धुऊन उन्हात वाळवला, मिश्रण नवं. या वेळी बदल तीन. पाणी वरून नाही; ट्रे १५ मिनिटं परातीतल्या पाण्यात ठेवायचा आणि काढून निथळायचा. पहिला कोंब दिसला की झाकण काढायचं. आणि वरचा थर फिकट दिसेपर्यंत पाण्याला हात लावायचा नाही. तिसरं सर्वांत अवघड गेलं.

वाया: १२ दिवस.

दिवस २३

पालकाची पानं पिवळी पडत आहेत, खालची आधी. लांबट कुंड्यांतली माती चार बोटं खाली बसली आहे. वर बारीक काळ्या माश्या. कच्चं खत कुंडीत कुजायला लागलं की कुजवणारे जीव आधी मातीतलं नत्र स्वतःसाठी घेतात आणि रोप उपाशी राहतं. माती बसते तीही त्यामुळेच, कारण आतलं सगळं आकसत जातं.

वरून खत टाकून वेळ मारून नेता आली असती का? एका कुंडीत दोन दिवस तसं करूनही पाहिलं, फरक नाही. शेवटी ६ कुंड्या रिकाम्या केल्या, मिश्रण परत ढिगावर, नवं तयार करून भरलं. दोन पोती कुजलेलं खत विकत आणावं लागलं. ९ तास आणि एक धरलेली पाठ.

तेव्हापासूनची परीक्षा: खत मुठीत घ्यायचं. कोमट लागलं, आंबूस वास आला किंवा मूळ वस्तू ओळखू आली, तर परत ढिगावर.

दिवस ३०

पालक आणि कोथिंबीर पुन्हा पेरून आठवडा झाला. पालक उगवला. कोथिंबिरीचे धणे पहिल्या वेळी अख्खेच टाकले होते, उगवण तुरळक झाली होती. या वेळी लाटण्याने हलकेच रगडून दोन डाळिंब्या केल्या. एका धण्यात दोन बिया असतात, रगडलं की वेगळ्या होतात.

दुधी: ५० लिटरच्या दुसऱ्या कुंडीत ४ बिया. रात्रभर भिजवून, आडव्या. उगवल्या की एकच ठेवायचं असं ठरवलंय.

दिवस ४२

पुनर्लागवड. टोमॅटोची ६ रोपं ६ कुंड्यांत, मिरचीची ४ उरलेल्या ४ कुंड्यांत. टोमॅटो खोल लावायचा, खालची पानं काढून खोडाचा निम्मा भाग मातीत. पुरलेल्या खोडाला मुळं फुटतात आणि रोप भक्कम होतं. लावताना मजा आली.

मजा आली इथेच घोळ झाला. त्याच तारेत स्ट्रॉबेरीची ६ रोपंही खोल पुरली. स्ट्रॉबेरीला मध्ये एक गड्डा असतो, नवी पानं त्यातूनच येतात. तो मातीबरोबर असावा लागतो, मातीखाली गेला की कुजतो. दहा दिवसांत ६ पैकी ३ गेली. उरलेली तीन हलकेच उचलून वर घेतली, ती जगली.

दिवस ५८

टोमॅटो कमरेएवढे. पानं गडद हिरवी, जाड, टोकाला खाली वळलेली. फूल एकही नाही. येणारा-जाणारा “काय जोमदार आहेत!” म्हणतो आणि मी फुशारते.

वही चाळली. गेल्या १६ दिवसांत पाच वेळा पातळ खत दिलंय. नत्र भरपूर मिळालं की झाड पानांचाच पसारा मांडतं, फुलायचं त्याच्या मनात येत नाही. खत बंद. पुढचे तीन आठवडे फक्त पाणी. आठवड्यातून एकदा द्यायचं खत मी तीन-चार दिवसांनी का देत होते याचं खरं कारण असं, की झाडं छान दिसत होती आणि मला काहीतरी करायचं होतं.

आणखी एक. बगलफूट, म्हणजे पानाच्या बेचक्यातून निघणारे फुटवे, खुडायला शिकले आणि सहाही रोपांचे खुडले. उंच वाढत जाणाऱ्या वाणांना ते चालतं. माझी दोन रोपं ठरावीक उंचीवर थांबणाऱ्या झुडपी वाणाची होती. त्यांची फळं त्या फुटव्यांवरच यायची होती.

दिवस ६४

आजच्या दिवसात दोन चुका, दुसरी पहिलीच्या खांद्यावर बसून.

मिरचीच्या शेंड्यांवर मावा. हिरवे बारीक किडे, पानाच्या पाठीमागे गर्दी करून. पानं चिकट, देठावरून मुंग्यांची ये-जा. माव्याच्या मधोमध काळसर अळ्याही फिरताना दिसल्या, अंगावर नारिंगी ठिपके, आकार सुसरीच्या पिल्लासारखा. दिसायला इतक्या भयंकर, की मुख्य शत्रू याच असणार असं वाटलं. चिमट्याने ११ वेचून मारल्या.

त्या लेडीबर्डच्या, म्हणजे लाल पाठीवर काळे ठिपके असलेल्या ढालकिड्याच्या अळ्या होत्या. त्यांचं खाद्यच मावा. फुकट आलेली ११ माणसांची राखण मी स्वतःच्या हाताने संपवली. मोठा ढालकिडा मुलांच्या चित्रांतून सगळ्यांना ओळखता येतो. पिल्लू कसं दिसतं ते कोणी दाखवत नाही.

मग मावा वाढणारच. फवारणीसाठी कडुनिंबाचं तेल घेतलं. लिटरला ५ मिली आणि तेल पाण्यात मिसळावं म्हणून थोडा द्रव साबण, असं प्रमाण. मी १५ मिली घातलं, ‘लवकर जातील’ म्हणून. आणि फवारलं सकाळी ११ वाजता, रणरणत्या उन्हात. मिरचीबरोबर दुधीवरही हात फिरवला, खबरदारी म्हणून. दुधीवर काहीच नव्हतं.

दिवस ६६

दुधीच्या ९ पानांवर कागदासारखे तपकिरी डाग. मिरचीचे दोन शेंडे करपले. मावा थोडा कमी, संपलेला नाही.

दिवस ७३

माव्याचं जे जमलं ते लिहिते. रोज सकाळी पानाच्या पाठीवर पाण्याचा जोरदार झोत, पाच दिवस. खाली पडलेला मावा सहसा परत चढत नाही. मुंग्यांचा बंदोबस्त जास्त महत्त्वाचा निघाला: त्या माव्याचा गोड स्राव खातात आणि बदल्यात त्याच्या शत्रूंना हुसकावतात. कुंडी ज्या विटांवर आहे त्यांना चिकट पट्टी गुंडाळली आणि भिंतीला टेकणारी फांदी कापली, म्हणजे पूल मोडला. आठव्या दिवशी सुसरीच्या दोन पिल्लांचं पुन्हा दर्शन झालं. नमस्कार करून खाली उतरले.

दिवस ७८

टोमॅटोला फुलं आली आणि गळू लागली. दुपारचं तापमान ३६ अंशांवर जातंय. एवढ्या उष्णतेत पराग नीट काम करत नाहीत, फूल देठासकट गळून पडतं. दुपारपुरती ५० टक्के सावलीची जाळी बांधली. सकाळी फुलांच्या झुबक्यामागे देठावर बोटाने टिचकी मारते. टोमॅटोचं फूल स्वतःचं स्वतः फळतं, फक्त पराग हलायला हवेत. एरवी वारा आणि भुंगे ते करतात.

शिवशिवत्या हाताला अखेर उपयोगी काम मिळालं.

दिवस ८७

दुधीची हकिगत. दोन आठवडे नुसती नर फुलं, लांब देठाची. मुख्य वेल कठड्यापार गेला होता. मादी फुलं बाजूच्या फांद्यांवर जास्त येतात, म्हणून दिवस ७० ला शेंडा खुडला होता. आता बाजूच्या फांद्यांवर मादी कळ्या दिसताहेत. फुलामागे इवलासा दुधी असतो, चूक व्हायला जागा नाही.

पण हे इवले दुधी पिवळे पडून गळतात. चार गेले. परागीभवन होत नाही हे उघड होतं, म्हणून रोज सकाळी ७ वाजता नर फूल तोडून मादी फुलाला लावत होते. तरी आणखी तीन गळले. सकाळी फुलं मरगळलेली का असतात, असा प्रश्न मला तीन दिवस पडलाही नाही.

दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं. रात्री येणाऱ्या पतंगांसाठी आहे ते. मी सकाळी संपलेला बाजार करायला जात होते. काल दिवेलागणीला गेले, तीन फुलं टवटवीत उघडी. ताजं नर फूल, पाकळ्या मागे दुमडून, मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवलं. काकडीचं फूल सकाळी उघडतं. माझ्या डोक्यात ते बसलेलं होतं.

दिवस ९२

तिन्ही दुधी धरले. एकाचं देठ मी रोज उचलून बघत होते, ते ढिलं झालंय. आता हात मागे.

टोमॅटोच्या पहिल्या झुबक्यातल्या ७ फळांचं बूड काळं, चामड्यासारखं, आत दबलेलं. रोग नाही. फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचलं नाही की असं होतं. मी अंड्यांची टरफलं कुटून सहाही कुंड्यांत घातली. टरफलं मातीत विरघळायला महिने लागतात. झाडाला त्याचा पत्ताही लागला नसेल.

मातीत कॅल्शियम होतंच. ते पाण्यावाटे चढतं, आणि दिवस ८० ते ८३ मी गावाला गेले होते. परत आल्यावर सुकलेल्या कुंड्यांत भरमसाट पाणी ओतलं. सुकं, मग पूर, मग सुकं. उपाय कंटाळवाणा आहे: वाळलेल्या पानांचं तीन बोटं आच्छादन, आणि रोज ठरल्या वेळी वाफसा पाहून पाणी. काळी पडलेली फळं काढून टाकली, ती सुधारत नाहीत. पुढच्या झुबक्यांत एकच काळं निघालं.

दिवस १०५

पहिला दुधी काढला. ७४० ग्रॅम. नखाने साल सहज टोचली जाते तोवरच काढायचा; दुसरा ‘अजून मोठा होऊ दे’ म्हणून ठेवला, तो आतून कापसासारखा निघाला.

कोथिंबीर एकदा कापली आणि मग उकाड्याने फुलावर गेली. पालकाचे ४ तोडे. यांत सांगण्यासारखं काही नाही, पालक निमूटपणे वाढतो.

दिवस ११४

लिंबू. हे लिहायला मला दोन दिवस लागले.

गेले दोन महिने लिंबाचा एक फुटवा सरळसोट वर जात होता. जाड, तकतकीत, बोटभर काट्यांचा. बाकीचं झाड आहे तसंच, पण फुटवा माझ्या खांद्यापर्यंत. मी त्याला काठी बांधली, त्याचे फोटो काढले. काल गवत उपटताना खाली वाकले आणि दिसलं, की तो जोडाच्या चार बोटं खालून निघालाय. म्हणजे तो कलमाचा नाहीच, खुंटाचा आहे, ज्याच्या मुळांवर कलम बांधलेलं असतं त्या खालच्या झाडाचा. वर बांधलेल्या लिंबाच्या वाटणीचं पाणी आणि खत तो खात होता. तसाच राहिला असता तर वरचं लिंबू वाळून गेलं असतं आणि मी खुंटाची जोपासना करत राहिले असते.

बुडापासून कापला. आता कुंडीत उभं आहे ते गुडघ्याएवढं झाड, ११ पानं. आणलं तेव्हा १४ होती.

कलम लावणाऱ्यांसाठी एवढंच: जोडावर रंगीत दोरा सैल बांधून ठेवा. त्याखालून काहीही फुटलं की नखाएवढं असतानाच अंगठ्याने मोडा.

दिवस १२६

टोमॅटो रंगायला लागले आणि पक्ष्यांनाही कळलं. ५ फळांवर चोची. आता रंग फिरला, म्हणजे बुडाशी गुलाबी छटा आली, की तोडते आणि घरात टोपलीत ठेवते. चार-पाच दिवसांत पूर्ण लाल होतात. उन्हात ठेवायची गरज नाही.

दिवस १४५

हिशेब. टोमॅटो ७.४ किलो, ६ झाडांचे; त्यात त्या दोन झुडपी झाडांचे मिळून फक्त ९०० ग्रॅम. मिरची साधारण १ किलो. पालक १.६ किलो. दुधी ५, खाण्यालायक ४. स्ट्रॉबेरी ११ नग, त्यातल्या ३ गोगलगायींच्या. लिंबू शून्य.

सर्वांत जास्त खर्च कुंड्यांवर, मग खत-मातीवर, आणि बियाणं त्या मानाने नगण्य. रोजचं काम ४० मिनिटं. पहिल्या महिन्यात दीड तास जात होता आणि नुकसानही त्याच महिन्यात जास्त झालं. किडीने नेलेलं आणि मी घालवलेलं अशा दोन रकान्यांत वहीची पानं मोजली. पहिला रकाना अर्धं पान, दुसरा सव्वाचार पानं.

दिवस १६८

टोमॅटो उपटले. एका रोपाची मुळं कुंडीभर गोल फिरलेली, पांढरी. दुसऱ्याची अर्धी तपकिरी, तळाचं भोक कोकोपीटने बुजलं होतं. भोकावर पुढच्या वेळी जाळीचा तुकडा.

लिंबाला जोडाच्या वर, दोऱ्याच्या तीन बोटं वर, एक कोंब. तांदळाच्या दाण्याएवढा, जांभळट. आई म्हणाली, “बघ, पण हात लावू नकोस.” पाणी कालच दिलंय, मातीत बोट घातलं, वाफसा आहे. झारी भरून आणली होती ती पालकाला घातली.